जावा डीबगर रखडतोय? ब्रेकपॉइंटपासून व्हीपीएनपर्यंतची तपासणी

लक्षणं

डीबगर म्हणजे चालू प्रोग्रॅम हव्या त्या जागी (ब्रेकपॉइंटवर) थांबवून आत काय चाललंय ते दाखवणारं साधन. आपल्याकडे नेमकं काय होतंय, ते आधी ठरवा. ‘डीबगर स्लो आहे’ या एका तक्रारीखाली बरीच वेगवेगळी दुखणी येतात आणि प्रत्येकाची तपासणी वेगळ्या ठिकाणी सुरू होते.

– ‘रन’ केल्यावर अर्ध्या मिनिटात उभं राहणारं अ‍ॅप्लिकेशन ‘डीबग’ केल्यावर पाच-दहा मिनिटं घेतं. लॅपटॉपचा पंखा जोरात फिरतो, लॉगच्या ओळी ठिबकत येतात.
– अ‍ॅप्लिकेशन वेळेत सुरू होतं, ब्रेकपॉइंटवर थांबतंही. पण व्हेरिएबल्सच्या चौकटीत ‘कलेक्टिंग डेटा’ एवढंच दिसत राहतं.
– एक ओळ पुढे सरकायला दोन-तीन सेकंद लागतात.
– बाकी सगळं ठीक, पण एका ठरावीक लूपमध्ये किंवा बॅच जॉबमध्ये शिरलं की गाडी रुतते.
– स्वतःच्या मशीनवर तक्रार नाही, सर्व्हरवरच्या जेव्हीएमला (जावा प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेला) जोडलं की प्रत्येक क्लिकला वाट पाहावी लागते.
– थांबलेलं अ‍ॅप्लिकेशन पुढे सोडल्यावर काही वेळ विचित्र वागतं: टाइमआउट, तोच मेसेज पुन्हा, तुटलेली कनेक्शन्स.
– ‘रन’मध्येही तेवढंच संथ. मग डीबगरचा यात काही संबंध नाही; थेट ‘मशीन’ या भागाकडे जा.

हिंजवडीतल्या कंपनीने दिलेला ३२ जीबीचा लॅपटॉप असो की इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टसाठी घेतलेला ८ जीबीचा, पहिली चार लक्षणं दोन्हीकडे सारखीच दिसतात. रॅम वाढवून ती जात नाहीत. डीबगरला आपणच कधीतरी सांगून ठेवलेलं एखादं महागडं काम तो इमानेइतबारे करत असतो. ते काम कोणतं, एवढंच शोधायचं आहे.

आधी घड्याळ लावा

खर्च काही नाही, वेळ पंधरा मिनिटं. एकच ठरावीक कृती निवडा, उदाहरणार्थ अ‍ॅप्लिकेशन सुरू होऊन लॉगिनचं पान उघडेपर्यंत. ती तीन प्रकारे मोजा: साधं ‘रन’, ‘डीबग’, पण सगळे ब्रेकपॉइंट बंद ठेवून, आणि ‘डीबग’, नेहमीसारखं. सगळे ब्रेकपॉइंट एकदम बंद करायला इंटेलिजेमध्ये ‘म्यूट ब्रेकपॉइंट्स’ हे बटण आहे, एक्लिप्समध्ये ‘स्किप ऑल ब्रेकपॉइंट्स’. व्हीएस कोडमध्ये ब्रेकपॉइंट्सच्या यादीवरच सगळे एकदम निष्क्रिय करायची सोय आहे.

पहिल्या दोन वेळा जवळपास सारख्या आल्या पाहिजेत. यामागे कारण आहे. फार जुन्या जावामध्ये डीबग मोड म्हणजे सगळा कोड इंटरप्रिटरवर (एकेक सूचना वाचत, म्हणजे सावकाश) चालणार, असंच समीकरण होतं. हॉटस्पॉट जेव्हीएमने १.४ या आवृत्तीच्या काळात ते मोडलं. डीबग एजंट (डीबगरशी बोलणारा जेव्हीएममधला भाग) जोडलेला असला तरी जस्ट-इन-टाइम कंपायलर (वारंवार चालणारा कोड वेगवान यंत्रभाषेत बदलणारा) त्याचं काम करत राहतो, आणि नुसतं डीबगमध्ये चालवण्याची किंमत फारशी पडत नाही. त्यामुळे ‘डीबगमध्ये स्लो असणारच’ हे उत्तर कोणी दिलं तर ते मान्य करू नका.

दुसरी मोजणी ठीक आणि तिसरी वाईट, तर दोष ब्रेकपॉइंटमध्ये. दुसरीच वाईट, तर सुरुवातीच्या पॅरामीटर्समध्ये किंवा एजंटमध्ये. पहिलीच वाईट, तर मशीनमध्ये किंवा तुमच्या कोडमध्ये. हे आकडे कागदावर लिहून ठेवा, पुढे कोणाची मदत घ्यायची वेळ आली तर हेच लागतील.

ब्रेकपॉइंटची यादी

इंटेलिजेमध्ये कंट्रोल+शिफ्ट+एफ८ दाबा (मॅकवर कमांड+शिफ्ट+एफ८), एक्लिप्समध्ये ‘ब्रेकपॉइंट्स’ व्ह्यू उघडा. यादी वरपासून खालपर्यंत वाचा. आयडीई (इंटेलिजे, एक्लिप्ससारखं कोड लिहायचं साधन) ब्रेकपॉइंट जपून ठेवतो. मागच्या तिमाहीत एखाद्या लायब्ररीच्या क्लासमध्ये लावलेला ब्रेकपॉइंट तुमच्या उघड्या फाइलमध्ये कुठेच दिसत नाही, पण यादीत जिवंत असतो आणि प्रत्येक वेळी जेव्हीएमकडे नोंदवला जातो.

सर्वांत आधी शोधायचा तो मेथड ब्रेकपॉइंट. ओळीच्या ब्रेकपॉइंटचं चिन्ह गोल असतं, इंटेलिजेमध्ये मेथडचं पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचं असतं. तो मुद्दाम कोणी लावत नाही, चुकून लागतो: मेथडच्या आतल्या पहिल्या ओळीऐवजी मेथडच्या नावाच्या ओळीवर क्लिक पडलं की झालं.

त्याने एवढं का रखडतं, ते समजून घेण्यासारखं आहे. डीबगर आणि जेव्हीएम एकमेकांशी जेडीडब्ल्यूपी या प्रोटोकॉलने बोलतात. ओळीच्या ब्रेकपॉइंटसाठी डीबगर नेमकी जागा सांगू शकतो: हा क्लास, ही मेथड, हा बाइटकोड. जेव्हीएम फक्त तिथे थांबते, बाकीचा कोड पूर्ण वेगाने धावतो. मेथडमध्ये शिरण्याची किंवा बाहेर पडण्याची सूचना मागताना मात्र ‘फक्त ही मेथड’ असं सांगायची सोय या प्रोटोकॉलमध्ये नाही. गाळणी लावता येते ती क्लासच्या नावाची. म्हणजे त्या क्लासच्या प्रत्येक मेथडची, अगदी दोन ओळींच्या गेटरचीसुद्धा, सूचना डीबगरकडे जाते. डीबगर ती पाहतो आणि आपल्या कामाची नाही म्हणून टाकून देतो. शिवाय अशा सूचना चालू असताना हॉटस्पॉट थ्रेड (प्रोग्रॅममधल्या कामाच्या स्वतंत्र धारा) इंटरप्रिटरवर आणून ठेवते, म्हणजे कंपायलरचा फायदाही गेला. इंटरफेसच्या मेथडवर असा ब्रेकपॉइंट असेल तर तो इंटरफेस वापरणारे सगळे क्लास यात ओढले जातात. स्प्रिंगसारख्या फ्रेमवर्कमध्ये मग सुरू व्हायलाच दहा मिनिटं लागली तर नवल नाही.

उपाय: तो काढा आणि मेथडच्या आतल्या पहिल्या ओळीवर साधा ब्रेकपॉइंट लावा. मेथड ब्रेकपॉइंटच हवा असेल (इंटरफेसची कोणती अंमलबजावणी चालते हे शोधताना तो खरोखर उपयोगी पडतो), तर इंटेलिजेमध्ये त्याच्या गुणधर्मांत ‘एम्युलेटेड’ची खूण आहे ना, ते पाहा. ती असली की आयडीई प्रत्येक मेथडच्या पहिल्या आणि शेवटच्या जागी गुपचूप साधे ब्रेकपॉइंट लावतो आणि वरचा सगळा त्रास टळतो.

पुढचा संशयित, फील्ड वॉचपॉइंट. त्याचं चिन्ह डोळ्यासारखं असतं, तो फील्डच्या ओळीवर क्लिक केल्याने लागतो. ते फील्ड वाचताना किंवा बदलताना दर वेळी सूचना जाते. वाचताना थांबायची गरज क्वचितच असते. फक्त बदलताना थांबेल असं ठेवा.

एक्सेप्शन ब्रेकपॉइंटमध्ये ‘एनी एक्सेप्शन’ची खूण असेल आणि ‘कॉट’ म्हणजे पकडलेल्या एक्सेप्शनलाही थांबायला सांगितलं असेल, तर फ्रेमवर्क आणि लायब्ऱ्या आतल्या आत जी असंख्य एक्सेप्शन्स फेकून पकडतात, ती सगळी डीबगरच्या दारात येतात. क्लास सापडतो का हे बघण्यासाठी ‘क्लास नॉट फाउंड’ फेकणं ही तर लायब्ऱ्यांची रोजची पद्धत आहे. नेमक्या एक्सेप्शनचं नाव द्या, आणि क्लास फिल्टरमध्ये स्वतःच्या पॅकेजचं नाव पुढे तारांकित करून लिहा. ही गाळणी जेव्हीएमच्या आतच लागते, त्यामुळे नको असलेली सूचना बाहेर पडतच नाही.

आता अट घातलेला ब्रेकपॉइंट, म्हणजे चौथ्या लक्षणाचं नेहमीचं कारण. ‘ग्राहक क्रमांक ४५१७ असेल तरच थांब’ अशी अट घातली की आपल्याला वाटतं, जेव्हीएम बाकीच्या वेळी थांबतच नाही. प्रत्यक्षात खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर प्रत्येक गाडी उभी करून नंबर बघावा आणि मग सोडावी, तसं चालतं. थ्रेड थांबतं, सूचना डीबगरकडे जाते, डीबगर अट तपासतो (त्यासाठी जेव्हीएमला पुन्हा प्रश्न विचारतो), उत्तर ‘नाही’ आलं की थ्रेड सोडतो. एका फेरीला १ मिलिसेकंद धरा आणि लूप १,००,००० वेळा फिरतो असं धरा: १०० सेकंद नुसते थांबण्यात गेले. अटीत एखादी मेथड हाक मारत असेल तर आणखी.

यावर सर्वांत परिणामकारक तोडगा जुना आणि साधा आहे. अट तात्पुरती कोडमध्येच लिहा: इफ, कंसात अट, आणि आत एक कसलीही खरी ओळ, प्रिंटची चालेल. ब्रेकपॉइंट त्या आतल्या ओळीवर, विनाअट. आता अट पूर्ण वेगाने, कंपाइल झालेल्या कोडमध्ये तपासली जाते. आतले कंस रिकामे ठेवू नका. रिकाम्या कंसांत बाइटकोड नसतो, त्यामुळे ब्रेकपॉइंटला बसायला जागाच मिळत नाही. कमिट करण्याआधी ती ओळ काढायची आठवण ठेवा. कोड बदलता येत नसेल आणि कितव्या फेरीत घोटाळा होतो हे माहीत असेल, तर ‘पास काउंट’ किंवा ‘हिट काउंट’ वापरा. मोजणीची सोय जेडीडब्ल्यूपीमध्येच आहे, ती जेव्हीएमच्या आत होते.

न थांबता लॉग लिहिणारे ब्रेकपॉइंटही याच वर्गात येतात. ते थांबत नाहीत असं दिसतं, पण प्रत्येक नोंदीसाठी तीच फेरी होते.

एवढं करूनही गुन्हेगार सापडला नाही तर यादी निम्मी-निम्मी करा. अर्धे ब्रेकपॉइंट निष्क्रिय करून मोजा; वेग आला तर दोष त्या अर्ध्यात. १६ ब्रेकपॉइंट असतील तर चार फेऱ्यांत एकावर याल. इंटेलिजे वापरणाऱ्यांना याहून सोपी वाट आहे: डीबगच्या खिडकीत ‘लेआउट सेटिंग्ज’मधून ‘ओव्हरहेड’ टॅब चालू करा. कोणता ब्रेकपॉइंट किती वेळा लागला आणि त्यात किती वेळ गेला याचा हिशेब तिथे दिसतो, आणि तिथूनच तो बंद करता येतो. ही सोय बऱ्याच जणांना ठाऊकच नसते.

थांबल्यावर काय काय दाखवलं जातं

‘कलेक्टिंग डेटा’ आणि संथ स्टेपिंग (ओळीओळीने पुढे सरकणं) या दोन लक्षणांसाठी हा भाग.

ब्रेकपॉइंटवर थांबल्यावर समोर दिसणाऱ्या प्रत्येक ऑब्जेक्टची ‘टू-स्ट्रिंग’ मेथड (ऑब्जेक्टचं मजकुरात वर्णन देणारी) आयडीई चालवतो. ती तुमच्या अ‍ॅप्लिकेशनमध्येच, थांबलेल्या थ्रेडवर चालते. साध्या क्लासला काही बिघडत नाही. पण हायबरनेटची एंटिटी (डेटाबेसमधल्या नोंदीचा ऑब्जेक्ट) असेल आणि कोड आपोआप तयार करणाऱ्या लाँबॉकच्या ‘@डेटा’ने टू-स्ट्रिंग तयार केलं असेल, तर त्यात सगळी फील्ड्स येतात, लेझी कलेक्शनसुद्धा, म्हणजे गरज पडली तरच डेटाबेसमधून येणाऱ्या याद्या. म्हणजे ऑर्डर नुसती बघायची म्हटलं तरी तिच्या ओळी, ओळींतली उत्पादनं, उत्पादनांचे पुरवठादार असं सगळं डेटाबेसमधून येतं, तेही प्रत्येक स्टेपला. दोन एंटिटी एकमेकींकडे बोट दाखवत असतील तर स्टॅक ओव्हरफ्लोच.

संथपणा हा यातला लहान तोटा. मोठा तोटा असा की सेशन उघडं असताना तुम्ही नुसतं पाहिल्यामुळे लेझी कलेक्शन भरलं जातं, आणि जे लेझी इनिशियलायझेशनचं एक्सेप्शन शोधत होता ते डीबगमध्ये येतच नाही. ‘डीबगमध्ये चालतं, रनमध्ये फुटतं’ असं दिसलं की पहिला संशय इथेच घ्या.

काय करायचं: एंटिटीच्या लेझी फील्ड्सवर ‘@टूस्ट्रिंग.एक्सक्लूड’ लावा, हा कायमचा उपाय, लॉगिंगलाही फायद्याचा. आयडीईत तात्पुरतं बंद करायचं तर इंटेलिजेमध्ये सेटिंग्ज, मग ‘बिल्ड, एक्झिक्युशन, डिप्लॉयमेंट’, डीबगर, ‘डेटा व्ह्यूज’, जावा असं जाऊन टू-स्ट्रिंगची खूण काढा, किंवा ती फक्त यादीतल्या क्लासेसपुरती ठेवा. व्हीएस कोडमध्ये जावा डीबगच्या सेटिंग्जमध्ये ‘शो टू-स्ट्रिंग’ आणि ‘शो लॉजिकल स्ट्रक्चर’ असे दोन पर्याय आहेत, दोन्ही बंद करून पाहा.

वॉचमधल्या (सतत दाखवत राहायला सांगितलेल्या) एक्स्प्रेशन्स प्रत्येक स्टेपला नव्याने चालतात. यादीचा आकार विचारणारी ठीक आहे. रिपॉझिटरीला हाक मारणारी, स्ट्रीम फिरवून बेरीज काढणारी, किंवा मागच्या महिन्यापासून नुसतीच पडून राहिलेली काढून टाका. गरज लागेल तेव्हा ‘इव्हॅल्युएट’ने एकदाच विचारता येतं.

मेथडने काय परत केलं ते स्टेपनंतर दाखवण्याची सोय सोयीची खरी, पण ती मेथडमधून बाहेर पडण्याच्या सूचनांवर चालते, म्हणजे वर सांगितलेलं तेच महागडं काम. एक्लिप्सने त्या पर्यायाच्या नावातच ‘संथ होऊ शकतं’ असा इशारा दिलेला आहे. स्टेपिंग रखडत असेल तर हा पर्याय पहिल्यांदा बंद करा. इंटेलिजेमध्ये तो ‘शो मेथड रिटर्न व्हॅल्यूज’ नावाने आहे.

‘मेमरी’ टॅबमध्ये एखाद्या क्लासवर ‘ट्रॅक न्यू इन्स्टन्सेस’ चालू राहिलं असेल तर तेही बंद करा.

स्टेपिंगची सवय

इथे थोडक्यात. पन्नास ओळी ओलांडायला स्टेपची कळ (इंटेलिजेमध्ये एफ८) पन्नास वेळा दाबण्यापेक्षा ‘रन टू कर्सर’ वापरा. तो एक तात्पुरता ब्रेकपॉइंट लावून मधलं सगळं पूर्ण वेगाने पळवतो, तर प्रत्येक स्टेपला थ्रेड इंटरप्रिटरवर येतं आणि सगळी चौकट नव्याने भरली जाते. जावाचे स्वतःचे आणि फ्रेमवर्कचे पॅकेज स्टेप फिल्टरमध्ये घाला. अनेक थ्रेडच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये ब्रेकपॉइंटची सस्पेंड पद्धत ‘ऑल’ऐवजी ‘थ्रेड’ ठेवा, म्हणजे एकासाठी सगळ्यांना थांबावं लागत नाही.

सुरू करतानाचे पॅरामीटर्स

दुसरी मोजणीच वाईट आली असेल तर कन्सोलमधली अगदी पहिली ओळ वाचा. तिथे जेव्हीएम कोणत्या कमांडने सुरू झाली ते असतं. ती उजवीकडे सरकवत शेवटपर्यंत पाहा.

‘-एक्सइंट’ दिसलं तर ते काढा. त्याने कंपायलर पूर्ण बंद होतो आणि सगळं इंटरप्रिटरवर चालतं.

‘टिअर्डस्टॉपअ‍ॅटलेव्हल=१’ दिसलं तर विचार करा. इंटेलिजे स्प्रिंग बूटच्या रन कॉन्फिगरेशनमध्ये सुरुवात लवकर व्हावी म्हणून हे स्वतःहून घालतो. त्यामुळे फक्त पहिल्या पायरीचा कंपायलर चालतो. वेब अ‍ॅप्लिकेशन उठवून एक विनंती तपासायची असेल तर हे उत्तमच. तासभर गणित करणारी बॅच डीबग करायची असेल तर हे नुकसानीचं. कॉन्फिगरेशनमध्ये ‘लाँच ऑप्टिमायझेशन’ बंद करा.

‘-जावाएजंट’ने सुरू होणारा प्रत्येक शब्द तपासा. कव्हरेज मोजणारा, कंपनीच्या मॉनिटरिंगचा, प्रोफायलरचा: हे एजंट क्लास लोड होताना त्यात कोड घुसवतात. इंटेलिजेचा स्वतःचाही एक एजंट असतो, असिंक कॉलचा माग ठेवण्यासाठी. सेटिंग्जमध्ये डीबगरखाली ‘असिंक स्टॅक ट्रेसेस’मधली ‘इन्स्ट्रुमेंटिंग एजंट’ची खूण काढून, डीबगर पुन्हा सुरू करून मोजा. फरक पडला नाही तर खूण परत लावा, ती सोय उपयोगाची आहे.

लॉगमध्ये ‘पिक्ड अप जावा_टूल_ऑप्शन्स’ अशी ओळ आली का? मग कोणीतरी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून पॅरामीटर घुसवले आहेत, जे आयडीईच्या सेटिंग्जमध्ये कुठेही दिसणार नाहीत. कंपनीच्या मशीनवर हे वारंवार सापडतं. ते कोणी आणि का ठेवलं, हे विचारल्याशिवाय काढू नका.

जावा २१ आणि व्हर्च्युअल थ्रेड वापरत असाल तर डीबग एजंटच्या ओळीत ‘इन्क्लूडव्हर्च्युअलथ्रेड्स=वाय’ घातलंय का पाहा. मूळ सेटिंग ‘एन’ आहे आणि ते योग्यच आहे. हजारो व्हर्च्युअल थ्रेडची यादी डीबगरला सांभाळायला लावण्यात अर्थ नाही.

मशीन

इथपर्यंत एक पैसाही खर्च झालेला नाही. आता ‘रन’मध्येही संथ असणाऱ्यांकडे वळू.

८ जीबीच्या मशीनवर बेरीज करून पाहा: आयडीई २ जीबी, ग्रेडलचा डेमन, तुमचं अ‍ॅप्लिकेशन, ब्राउझर, मीटिंगचं अ‍ॅप. त्यात विंडोजवर डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) चालू असेल तर ते मूळ सेटिंगप्रमाणे एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत जागा घेऊ शकतं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९०टक्क्यांच्या वर आणि डिस्क सतत व्यग्र दिसली तर मशीन स्वॅप करतंय. ‘.डब्ल्यूएसएलकॉन्फिग’ फाइलमध्ये मेमरीची मर्यादा लिहा, नको असलेले कंटेनर थांबवा. आयडीईची हीप (त्याला वापरायला दिलेली मेमरी) मात्र विचार न करता वाढवू नका. खालच्या पट्टीत मेमरी इंडिकेटर चालू करा, आकडा सतत टोकाला टेकलेला दिसला तरच ‘चेंज मेमरी सेटिंग्ज’मधून वाढवा. ८ जीबीतले ४ आयडीईला दिले तर अ‍ॅप्लिकेशन उपाशी.

अ‍ॅप्लिकेशनचीच हीप अपुरी आहे का, हे ‘जेस्टॅट’ सांगतं. ‘जीसीयूटिल’ पर्याय, प्रोसेस क्रमांक आणि १००० असं दिलं की दर सेकंदाला एक ओळ येते. ‘ओ’ हा रकाना ९५च्या पुढे अडकलेला आणि ‘एफजीसी’ वाढत चाललेला असेल तर वेळ कचरा गोळा करण्यात जातोय.

डब्ल्यूएसएलमध्ये काम करताना प्रोजेक्ट विंडोजच्या सी ड्राइव्हवर ठेवला तर प्रत्येक फाइल दोन यंत्रणांच्या सीमेवरून जाते. प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये हलवा. क्लाउडला आपोआप सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये तर प्रोजेक्ट ठेवूच नका.

अँटिव्हायरस प्रत्येक जार आणि क्लास फाइल उघडताना तपासतो. घरच्या मशीनवर प्रोजेक्टचा फोल्डर, ‘.एम२’ आणि ‘.ग्रेडल’ हे फोल्डर अपवादात घाला. कंपनीच्या लॅपटॉपवर हे स्वतः करू नका, आयटीकडे तिकीट टाका. ते पुढे येईलच.

मॅकवर सुरू होताना दर वेळी पाचेक सेकंदांचा अडखळा असेल, तर मशीनचं स्वतःचं नाव शोधण्यात तो वेळ जात असतो. त्या क्षणी ‘जेस्टॅक’ने थ्रेड डंप (प्रत्येक थ्रेड कुठे आहे याची यादी) घ्या, ‘गेटलोकलहोस्ट’वर थ्रेड थांबलेलं दिसलं तर निदान पक्कं. ‘ईटीसी’मधल्या ‘होस्ट्स’ फाइलमध्ये १२७.०.०.१ च्या आणि ::१ च्या ओळींत ‘लोकलहोस्ट’पुढे तुमच्या मशीनचं पूर्ण नाव जोडा.

आणि वीज. गुरुवारी देखभालीसाठी लाइट गेले की लॅपटॉप बॅटरीवर येतो, पॉवर सेव्हिंग चालू होतं आणि प्रोसेसरचा वेग उतरतो. एप्रिल-मेच्या उन्हात बंद खोलीत गादीवर ठेवलेला लॅपटॉपही तापून वेग कमी करतो. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा ‘स्पीड’, काम जोरात चालू असताना, ‘बेस स्पीड’च्या खूप खाली असेल तर चार्जर लावून आणि टेबलावर ठेवून पुन्हा मोजा.

पुढे सोडल्यावरची गडबड

सहावं लक्षण संथपणासारखं वाटतं, पण असतं वेगळं. तुम्ही थांबलात तरी बाहेरचं जग थांबत नाही.

काफ्काचा कन्झ्युमर (मेसेज पोहोचवणाऱ्या काफ्काकडून ते घेणारा प्रोग्रॅम) मूळ सेटिंगप्रमाणे ५ मिनिटांत पुन्हा ‘पोल’ झाला नाही तर गटातून बाहेर काढला जातो. मग वाटप नव्याने होतं आणि तेच मेसेज पुन्हा येतात. मायएसक्यूएलच्या ट्रान्झॅक्शनमध्ये मध्येच थांबलात तर त्या ओळींवरचं कुलूप तसंच राहतं. शेजारच्या सहकाऱ्याची क्वेरी त्यावर मूळ सेटिंगप्रमाणे ५० सेकंद अडून मग फुटते. विकासाचा डेटाबेस सगळ्यांचा सामाईक असेल तर हा त्रास तुमच्यामुळे पूर्ण टीमला होतो. कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीसमध्ये लाइव्हनेस प्रोबला (अ‍ॅप्लिकेशन जिवंत आहे का, या तपासणीला) सलग तीन वेळा, दर १० सेकंदांनी, उत्तर मिळालं नाही तर कंटेनरच मारला जातो. म्हणून सस्पेंड ‘थ्रेड’वर ठेवा, स्वतःचा वेगळा डेटाबेस वापरा, आणि डीबगच्या प्रोफाइलमध्ये हे टाइमआउट वाढवून ठेवा.

दूरची जेव्हीएम

जेडीडब्ल्यूपी बडबड्या आहे. एक प्रश्न, एक उत्तर, मग पुढचा प्रश्न. ब्रेकपॉइंटवर थांबून वीस व्हेरिएबल्सची चौकट भरेपर्यंत शेकडो प्रश्नोत्तरं सहज होतात. त्यामुळे इथे बँडविड्थला महत्त्व नाही, महत्त्व आहे ते जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळेला.

पुणे ते अमेरिकेतलं व्हर्जिनिया हे अंतर साधारण १३,००० किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे सरळ रेषेतली केबल असली तरी जाऊन-येऊन १३० मिलिसेकंद. खऱ्या वाटेने २०० मिलिसेकंद धरा. ३०० प्रश्न गुणिले २०० मिलिसेकंद, म्हणजे एक मिनिट, प्रत्येक स्टेपला. वर सांगितलेला एक लाख फेऱ्यांचा लूप अशा जोडणीवर साडेपाच तास घेईल. ३०० एमबीपीएसचं कनेक्शन घेतलं तरी यात तसूभर फरक पडणार नाही.

म्हणून आधी सर्व्हरला ‘पिंग’ करा. एजरचा मध्य भारत विभाग पुण्यातच आहे, एडब्ल्यूएसचा मुंबई विभाग २०१६ पासून आहे. या दोन्हीकडचा आकडा लहानच यायला हवा. शेजारच्या सर्व्हरला १५०-२०० येत असतील तर ‘ट्रेसर्ट’ चालवा. खराडीतल्या ऑफिसमधून मुंबईच्या सर्व्हरला जाणारी वाट व्हीपीएनमुळे परदेशातल्या मुख्यालयावरून फिरून येत असेल, तर डीबगरमध्ये कितीही सुधारणा करा, उपयोग नाही.

सर्व्हर खरोखर दूर असेल तर प्रश्नांची संख्या कमी करा: टू-स्ट्रिंग बंद, वॉच रिकामे, व्हेरिएबल्सची चौकट मिटलेली, अटीचे ब्रेकपॉइंट एकही नाही. याहून चांगला मार्ग म्हणजे आयडीईचाच मागचा भाग सर्व्हरजवळच्या मशीनवर चालवणं. जेटब्रेन्स गेटवे किंवा व्हीएस कोडचं रिमोट एसएसएच यासाठीच आहे. मग बडबड तिथल्या तिथे होते आणि तुमच्यापर्यंत फक्त पडदा येतो. आणि सर्वांत चांगला मार्ग: चूक घडवणारा डेटा स्वतःच्या मशीनवर आणून इथेच डीबग करणं.

जोडणीच होत नसेल तर जावा ९ पासूनचा बदल आठवा. पत्त्यात नुसतं ५००५ लिहिलं तर पोर्ट फक्त त्याच मशीनपुरता उघडतो. त्याच्या आधी तारांकन आणि कोलन (*:) लिहून तो सगळ्यांसाठी उघडता येतो, पण तसं करू नका. या प्रोटोकॉलला पासवर्ड नाही. पोर्टपर्यंत जो पोहोचेल तो तुमच्या जेव्हीएममध्ये हवा तो कोड चालवू शकतो. पोर्ट आतल्या आत ठेवा आणि एसएसएच टनेलने जोडा.

इथे थांबा

पुढच्या गोष्टींत स्वतः हात घालू नका.

प्रॉडक्शनच्या जेव्हीएमला डीबगर जोडायची वेळ आली असं वाटलं तर थांबा आणि ऑपरेशन्सच्या टीमला बोलवा. एक चुकीचा ‘सस्पेंड ऑल’ म्हणजे सगळ्या ग्राहकांच्या विनंत्या अडकल्या. तिथे थ्रेड डंप आणि फ्लाइट रेकॉर्डर (चालू जेव्हीएमच्या घडामोडींची नोंद ठेवणारा) ही साधनं आहेत. फ्लाइट रेकॉर्डर जावा ११ पासून ओपनजेडीकेमध्येच मिळतो.

व्हीपीएनची वाट, फायरवॉल, कंपनीच्या अँटिव्हायरसचे अपवाद: नेटवर्क आणि आयटी विभाग. हे नियम स्वतः वळसा घालून चुकवले तर नोकरीवर बेतू शकतं.

चार्जर लावूनही प्रोसेसरचा वेग उतरलेला राहतो, पंखा सतत ओरडतो, बॅटरी फुगून टचपॅड वर आलाय: अधिकृत सर्व्हिस सेंटर. फुगलेल्या बॅटरीचा लॅपटॉप बंद करा आणि चार्जिंगला लावू नका. रॅम वाढवायला बाजारात जाण्याआधी मॉडेलची माहिती पाहा. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते आणि वाढवता येत नाही. वॉरंटीतला लॅपटॉप बाहेर उघडू नका.

डीबगमध्ये जेव्हीएमच कोसळून ‘एचएस_ईआरआर’ नावाने सुरू होणारी फाइल मागे राहत असेल, तर आधी त्याच जावा आवृत्तीचा ताजा अपडेट घालून पाहा. तरीही कोसळली तर ती फाइल तुमच्या प्लॅटफॉर्म टीमकडे किंवा जेडीके पुरवणाऱ्याकडे द्या.

तिकिटात लिहायच्या गोष्टी: तिन्ही मोजण्यांचे आकडे, जावा आणि आयडीईची नेमकी आवृत्ती, कन्सोलमधली सुरुवातीची पूर्ण कमांड (त्यातले पासवर्ड खोडून), रिमोट असेल तर पिंग आणि ट्रेसर्टचं उत्तर, आणि रखडत असताना दहा-दहा सेकंदांच्या अंतराने घेतलेले तीन थ्रेड डंप. एका डंपवरून थ्रेड कुठे आहे ते कळतं. तिन्हींत तो त्याच जागी असेल तर कुठे अडकलाय ते कळतं.